तुमचे प्रश्न: गाडीला नेमका कुठला ऑइल फिल्टर घ्यायचा?

मागच्या अंकात इंजिन ऑइलच्या ग्रेडवर लिहिलं होतं आणि जाता जाता फिल्टरचं नुसतं नाव घेतलं होतं, त्यावर इतके प्रश्न आले की यावेळचा अख्खा कॉलम त्यालाच देऊन टाकतोय. सारखे प्रश्न एकत्र केलेत, पत्रं थोडी कापलीत, राग मानू नका.

प्रश्न (सातारा): सर, माझी 2013 ची डिझेल स्विफ्ट आहे. यावेळी ऑइल स्वतः बदलायचं ठरवलं, दुकानात जाऊन स्विफ्टचा ऑइल फिल्टर मागितला तर त्याने पत्र्याचा डबा हातात दिला. घरी येऊन बघतो तर असा डबा लावायला गाडीत जागाच नाही! दुकानदार म्हणतो स्विफ्टचाच आहे, परत घेणार नाही. कोण बरोबर?

उत्तर: दुकानदार खोटं बोलत नाहीये, फिल्टर स्विफ्टचाच आहे पण पेट्रोल स्विफ्टचा. तुमच्या गाडीत 1.3 लिटरचं फियाटचं मल्टिजेट इंजिन आहे, मारुती त्याला डीडीआयएस म्हणायची, आणि त्यात डबा नसतोच, प्लॅस्टिकच्या झाकणाखाली नुसतं कागदी एलिमेंट, म्हणजे डब्याशिवायची घड्यांची गाळणी, बसतं. पेट्रोलवाल्या 1.2 के-सिरीजला पत्र्याचा फिरवून लावायचा डबा. म्हणजे बाहेरून दोन्ही गाड्या सारख्या, नाव एक, पण आत दोन वेगळ्या देशांतली इंजिनं. इंजिनाच्या हिशोबाने बघितलं तर तुमची गाडी पेट्रोल स्विफ्टपेक्षा टाटा व्हिस्टा क्वाड्राजेट आणि फियाट पुंटोला जास्त जवळची आहे. (म्हणून लगेच व्हिस्टाचा फिल्टर उचलू नका हां, एकाच इंजिनावर हाऊसिंग, म्हणजे फिल्टर बसायचं घर, वेगळं असू शकतं.)

तेव्हा दुकानात गाडीचं नाव सांगून फिल्टर मागायचा नाही, इंजिन, इंधन आणि साल सांगायचं. त्याहून बरं म्हणजे आरसीवरचा 17 अक्षरी चेसिस नंबर कंपनीच्या पार्ट काउंटरवर द्या, ते कॉम्प्युटरवर टाकून नेमका पार्ट नंबर काढून देतात, मग त्या नंबरवरून माल कुठूनही घ्या. जुन्या फिल्टरवरचा नंबर बघून घेतला तरी चालतं, पण तो जुना बरोबर होता याची खात्री असेल तरच, कारण आधीच्या मालकाने किंवा गॅरेजवाल्याने काय लावलंय ते आपल्याला माहीत नसतं. नंबर वाचायची थोडी सवय लावा, सुझुकीचे ऑइल फिल्टर 16510 ने सुरू होतात, होंडाचे 15400 ने, ह्युंदाईचा डबा 26300 ने, टोयोटाचा डबा 90915 ने आणि टोयोटाचं कागदी एलिमेंट 04152 ने. शेवटचा एखादा आकडा बदललेला दिसला तर दचकू नका, कंपन्या जुना नंबर बंद करून नवा काढतात, ह्युंदाईचा 26300-35503 पण दिसेल आणि 26300-35505 पण. काउंटरवाल्याला 'हा त्याचाच नवा नंबर का' एवढं विचारायचं.

प्रश्न (कोल्हापूर): आमच्या मेकॅनिककडे आमच्या गाडीचा फिल्टर नव्हता म्हणून त्याने दुसऱ्या कंपनीच्या गाडीचा लावला. म्हणाला साइज सेम आहे, बघा बसला की. खरंच नीट बसला, थेंबभर लीक नाही, चार महिने झाले. मग कंपनीचाच हवा हा हट्ट कशाला?

उत्तर: याचं उत्तर जरा लांबणार आहे कारण 'बसला की' हे वाक्य मी आयुष्यभर ऐकत आलोय आणि फिल्टरच्या बाबतीत ते सगळ्यात फसवं आहे.

आधी आटे बघू. आपल्याकडच्या बऱ्याच पेट्रोल गाड्यांना, मारुती होंडा ह्युंदाई वगैरे, फिल्टरचे आटे एम 20 बाय 1.5 असतात, म्हणजे व्यास 20 मिमी आणि दोन आट्यांमधलं अंतर दीड मिमी. टोयोटाच्या डब्यांना आणि अजून बऱ्याच गाड्यांना पाऊण इंच 16 असतात, म्हणजे व्यास 19.05 मिमी आणि इंचाला 16 आटे. आता गंमत बघा, पाऊण इंची स्टडवर (इंजिनातून बाहेर आलेला आट्यांचा दांडा, त्यावरच फिल्टर फिरवतात) 20 मिमीचा फिल्टर आरामात चढतो, थोडा सैल लागतो पण पॅकिंग, म्हणजे फिल्टरच्या तोंडाची रबरी रिंग, ब्लॉकला (इंजिनाच्या मुख्य धडाला) टेकलं की ते सैलपण हाताला कळत नाही, आणि गाडी चालू केली की लीकही नाही! पण आटे पूर्ण धरलेले नसतात, नुसते टोकाटोकावर अडकलेले असतात. थंड इंजिन चालू करताना ऑइलचं प्रेशर 4 बारच्या (बार म्हणजे दाब मोजायचं एकक) घरात सहज जातं, आणि फिल्टरच्या पॅकिंगचा व्यास 60 मिमी धरला तर तो डबा ब्लॉकपासून ढकलणारा जोर येतो एकशे पंधरा किलोच्या आसपास. एकशे पंधरा किलो, त्या अर्धवट आट्यांवर, रोज सकाळी. एक दिवस घाटात आटे सुटले की मिनिटभरात सगळं ऑइल रस्त्यावर, आणि लाल दिवा बघून गाडी बाजूला घेईपर्यंत बेअरिंगचा निकाल. उलटं केलं, म्हणजे 20 मिमीच्या स्टडवर पाऊण इंची फिल्टर, तर तो चढतच नाही, त्यामुळे ती चूक निदान लगेच कळते तरी.

दुसरं पॅकिंग. त्या रबराच्या रिंगचा व्यास ब्लॉकवरच्या घासून सपाट केलेल्या जागेवर पूर्ण बसायला हवा. दोन-तीन मिमीच्या फरकाने ती कडेवर बसली तर आज लीक नाही, पण रबर गरम-थंड होऊन कडक झालं की पाझरायला लागतं.

तिसरं म्हणजे बायपास व्हॉल्व्ह, हा बाहेरून दिसतच नाही. फिल्टर चोंदला किंवा थंडीत ऑइल घट्ट असलं की कागदाच्या दोन्ही बाजूंच्या दाबात फरक पडतो, तो ठरलेल्या आकड्याच्या वर गेला की हा व्हॉल्व्ह उघडतो आणि ऑइल न गाळता थेट इंजिनाला जातं. न गाळलेलं ऑइल एखाद वेळेस गेलं तर इंजिन सहन करतं, ऑइलच नाही गेलं तर नाही करत. आता हा आकडा प्रत्येक इंजिनाचा वेगळा, बऱ्याच ठिकाणी 1 बारच्या आगेमागे. तुमच्या इंजिनापेक्षा लवकर उघडणारा फिल्टर लावला तर अर्धा वेळ ऑइल गाळलंच जात नाही आणि तुम्हाला कळणारही नाही. आणि काही इंजिनांत हा व्हॉल्व्ह ब्लॉकमध्येच असतो म्हणून त्यांच्या फिल्टरला दिलेला नसतो, तसला फिल्टर तुमच्या गाडीला लावला तर चोंदल्यावर कागद आतल्या आत फाटायची भीती.

चौथं म्हणजे गाडी बंद असताना ऑइल मागे गळू न देणारा व्हॉल्व्ह, त्याबद्दल खाली रत्नागिरीच्या प्रश्नात लिहिलंय.

तर तुमचा फिल्टर चार महिने चाललाय म्हणून आटे जुळतातच असं नाही, आणि बाकीच्याचं तर मी इथून काय सांगणार. माझं ऐकाल तर पुढच्या सर्व्हिसची वाट बघू नका, योग्य नंबरचा आणा आणि बदला, दोनशे-तीनशे रुपयांचा विषय आहे.

प्रश्न (रत्नागिरी): काका, गाडी तीन-चार दिवस उभी राहिली की चालू करताना पहिले दोन सेकंद खडखड आवाज येतो, मग बंद होतो. ऑइल नवीन, लेव्हल बरोबर. शेजारचे म्हणतात टायमिंग चेन गेली.

उत्तर: चेन गेली असेलही, पण तिकडे पैसे घालायच्या आधी फिल्टर बघ. फिल्टरच्या तोंडाशी आत एक रबराची पाकळी असते, इंजिन बंद झालं की ती मिटते आणि फिल्टरमधलं ऑइल परत खाली चेंबरमध्ये (ऑइल साठायच्या जागेत) जाऊ देत नाही. तुझ्या गाडीत फिल्टर आडवा किंवा तोंड खाली करून बसलेला असेल तर या पाकळीवरच सगळं अवलंबून. ती साध्या नायट्राइल रबराची असेल तर उष्णतेने कडक होते, मिटत नाही, डबा रिकामा होतो आणि सकाळी चालू केल्यावर तो भरेपर्यंत वर हेडला, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाला, ऑइल पोचत नाही, तोच तुझा खडखडाट. सिलिकॉनची पाकळी जास्त टिकते. बऱ्याच फिल्टरमध्ये सिलिकॉनची नारिंगी-लाल आणि नायट्राइलची काळी असते पण रंगावर जाऊ नको, रबराला रंग कोणीही देतो. आधी कंपनीचा फिल्टर लाव, आठवडाभर ऐक, आवाज तसाच राहिला तर मग चेनकडे आणि तिला ताणून धरणाऱ्या टेन्शनरकडे बघायला सांग.

प्रश्न (जळगाव): डिझेल गाडी आहे. ऑइल आणि फिल्टर दोन्ही बदललं आणि 200 किमीत ऑइल परत काळंकुट्ट! फिल्टर डुप्लिकेट दिला ना त्याने?

उत्तर: असेलही डुप्लिकेट, पण हा पुरावा नाही. डिझेलच्या काजळीचे कण एक मायक्रॉनपेक्षाही (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) लहान असतात आणि ऑइल फिल्टर साधारण 20-25 मायक्रॉनचे कण धरायला बनवलेला असतो. गाळणीत चहाची पत्ती अडकते, चहाचा रंग अडकतो का? काजळी ऑइलमध्ये तरंगत ठेवायचं काम ऑइलमधल्या रसायनांचं, तिचे गठ्ठे होऊ नयेत म्हणून, आणि ऑइल काळं झालं म्हणजे ते काम होतंय. शिवाय ऑइल काढलं तरी थोडं जुनं आत राहतंच, ते नव्याला लगेच रंगवतं. डिझेलमध्ये रंग बघून ऑइल बदलायचं नसतं, किलोमीटर आणि महिने बघून बदलायचं.

प्रश्न (ठाणे): माझी वॅगनआर सीएनजी आहे. दुकानदाराने विचारलं सीएनजीचा फिल्टर देऊ का साधा, मी गोंधळले. आणि दादा, सीएनजीवर ऑइल तर दहा हजारलासुद्धा स्वच्छ दिसतं, मग फिल्टर दर वेळी बदलायचा का?

उत्तर: ताई, दोन वेगळ्या वस्तू आहेत. 'सीएनजीचा फिल्टर' म्हणजे बहुतेक करून गॅसच्या लाइनमधला फिल्टर, तो इंजिनाला जाणारा गॅस गाळतो, ऑइलशी त्याचा काही संबंध नाही आणि त्याची बदलायची वेळही वेगळी. गॅसचं काम आहे, स्वतः हात लावू नका. ऑइल फिल्टर मात्र त्याच इंजिनाच्या पेट्रोल मॉडेलचा असतो तोच. स्वच्छ दिसण्याचं म्हणाल तर वरच्या जळगावच्या उत्तराची दुसरी बाजू, गॅसची काजळी जवळजवळ नसते म्हणून रंग बदलत नाही, पण ऑइल उष्णतेने झिजतंच आणि धातूची बारीक भुकटी फिल्टरमध्ये जमतेच. मॅन्युअलमध्ये दहा हजार किमी किंवा एक वर्ष लिहिलं असेल तर जे आधी होईल ते.

प्रश्न (पुणे): नाना पेठेत एकाच गाडीचा फिल्टर तीन-चार ब्रँडमध्ये मिळतो, कंपनीच्या डब्यातला वेगळा. किमतीत दुप्पट फरक. कोणता घ्यावा आणि डुप्लिकेट कसा ओळखावा?

उत्तर: बॉश, मान, माहले, प्युरोलेटर, एलोफिक यातला कुठलाही, तुमच्या इंजिनाच्या नंबरला त्यांच्या कॅटलॉगमध्ये दिलेला असेल तर माझी हरकत नाही. गाडीवाल्या कंपन्या स्वतः फिल्टर बनवत नाहीत, असल्याच कारखान्यांकडून घेतात. ब्रँडवर वाद घालण्यापेक्षा नंबर जुळतो का ते बघा, चुकीच्या नंबरचा महागडा फिल्टर हा चुकीचाच फिल्टर. खोक्यावर नुसतं '20 मायक्रॉन' लिहिलंय म्हणून खूश होऊ नका, 20 मायक्रॉनचे किती टक्के कण धरतो ते सांगितल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही, पन्नास टक्के धरणाराही 20 मायक्रॉन म्हणवून घेऊ शकतो. आयएसओ 4548-12 या चाचणीचा उल्लेख करून टक्केवारी दिली असेल तर ती माहिती कामाची.

डुप्लिकेटचं असं आहे की खोकं हुबेहूब करतात, होलोग्राम पण करतात, आतला माल मात्र स्वस्तातच करावा लागतो. म्हणून खोकं सोडा, फिल्टर हातात घ्या. आट्यांवर बोट फिरवा, खरखर किंवा पत्र्याची कुसळं लागता कामा नयेत. पॅकिंग खाचेत सारखं बसलेलं हवं, नखाने दाबल्यावर परत वर यायला हवं. तोंडातून आत बघा, रबराची पाकळी आहे का, पेन्सिलने हलकेच दाबली तर हलून परत मिटते का. हलवून बघा, आत काही खुळखुळतंय का. कागदी एलिमेंट असेल तर घड्या सारख्या अंतरावर आहेत का आणि टोकं नीट चिकटवलीत का ते बघा, आणि खोक्यात ओ-रिंग (झाकणाची रबरी गोल रिंग) आली आहे ना तेही. बिल मागा, पक्कं. बिल देताना जो का-कू करतो तिथून उठा.

प्रश्न (नाशिक): वॉरंटीतली गाडी आहे, बाहेर फिल्टर बदलला तर वॉरंटी जाते म्हणतात. खरं का?

उत्तर: सरसकट जात नाही. कॉम्पिटिशन कमिशन ऑफ इंडियाने 25 ऑगस्ट 2014 ला 14 कार कंपन्यांना स्पेअर पार्टच्या बाजाराबद्दल अडीच हजार कोटींच्या वर दंड ठोकला होता, त्या निकालात हेही म्हटलंय की बाहेरच्या मेकॅनिककडे गेला म्हणून आख्खी वॉरंटी रद्द अशी अट घालता येणार नाही, बाहेरच्या चुकीच्या कामामुळे जे नुकसान झालं तेवढ्यापुरतीच नाकारता येईल. कंपन्या त्यावर अपिलात गेल्या. आता हे कागदावरचं झालं, व्यवहारातलं सांगतो. इंजिन बसलं आणि फिल्टर लोकल निघाला तर दोष फिल्टरचा नाही हे सिद्ध करताना तुमचीच दमछाक होणार आहे. वॉरंटी संपेपर्यंत कंपनीचाच फिल्टर लावा, बिल जपा, ज्यावर किलोमीटर आणि तारीख आहे असं.

प्रश्न (पणजी): दर दोन ऑइलला एक फिल्टर, असं आमचा मेकॅनिक करतो. चालतं?

उत्तर: काही देशांतल्या काही गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये तसं असतं. आपल्याकडे धूळ आणि ट्रॅफिक बघता दर वेळी बदला. जुन्या डब्यात पाव लिटरच्या आसपास घाण ऑइल असतं, ते नव्यात मिसळायचं कशाला.

प्रश्न (पिंपरी): काका मी इंजिनिअरिंगला आहे, बाबांच्या गाडीचा फिल्टर स्वतः बदलतोय. किती घट्ट करायचा? व्हिडिओत प्रत्येक जण वेगळं सांगतो.

उत्तर: डबा असेल तर नव्या पॅकिंगला बोटाने ऑइल लाव, हाताने फिरव, पॅकिंग टेकल्यापासून साधारण पाऊण फेरा. काहींच्या डब्यावरच लिहिलेलं असतं, ते मान. पान्याने आवळायचा नाही, पाना फक्त जुना डबा काढण्यासाठी. कागदी एलिमेंटचं झाकण असेल तर त्यावर बहुतेक वेळा टॉर्क, म्हणजे किती जोराने आवळायचं तो आकडा, कोरलेला असतो, 25 न्यूटन मीटर हा आकडा खूप ठिकाणी दिसेल, टॉर्क पाना नसेल तर मित्राकडून आण पण अंदाजाने आवळू नकोस, प्लॅस्टिकचं झाकण तडकतं. जुनी ओ-रिंग काढून नवी त्याच खाचेत बसव, वरच्या-खालच्या खाचेत नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, जुना डबा काढल्यावर त्याचं पॅकिंग त्याच्याबरोबर आलंय का ते बघ. कधी कधी ते ब्लॉकलाच चिकटून राहतं, आपण वरून नवीन लावतो, दोन पॅकिंग एकावर एक, चालू केल्यावर नीट दिसतं आणि रेस केली की सगळं ऑइल बाहेर. फडक्याने जागा पुसून घे आणि पुसताना बघ. ड्रेन बोल्टचा वायसर नवीन टाक. चालू केल्यावर ऑइलचा दिवा चार-पाच सेकंदांत विझला पाहिजे, नाही विझला तर लगेच बंद कर. मग दोन मिनिटं चालू ठेवून खाली टॉर्च मारून बघ, बंद कर, पाच मिनिटांनी लेव्हल बघ, नवा फिल्टर ऑइल पितो म्हणून थोडं टाकावं लागतं. पाच लिटरच्या कॅनमधलं सगळं ओतून मोकळा होऊ नकोस, जास्तही चालत नाही.

प्रश्न (न्यू जर्सी): इथे आमची 2014 ची कोरोला आहे. इकडे बाहेर बदलायला घेतात बरंच, म्हणून घरीच करतो. टोयोटाचं एलिमेंट आणि दुकानातलं यात काय बघू? झाकण काढायला पाना मिळत नाही.

उत्तर: तुमच्या 1.8 ला 04152-वायझेडझेडए6 हे एलिमेंट, ऑइल 0डब्ल्यू-20, फिल्टरसकट सव्वाचार लिटरच्या आसपास. दुकानातलं घेतलं तरी दोन्ही ओ-रिंग खोक्यात आहेत का बघा, एक झाकणाची मोठी आणि एक त्यातल्या छोट्या ड्रेन प्लगची. झाकणासाठी 64 मिमी 14 पैलूंचा कपासारखा पाना येतो, तोच घ्या, पट्ट्याच्या पान्याने ते झाकण खराब होतं. वॉरंटीचं तुमच्याकडे सोपं आहे, 1975 च्या मॅग्नसन-मॉस कायद्यामुळे फक्त दुसऱ्या ब्रँडचा फिल्टर लावला म्हणून वॉरंटी नाकारता येत नाही, अर्थात 2014 च्या गाडीला आता तो प्रश्नच उरला नाही.

प्रश्न (बारामती): जुना फिल्टर आणि काळं ऑइल कुठे टाकायचं? आमच्याकडे ऑइल सेंट्रिंगच्या प्लेटांना लावायला नेतात.

उत्तर: नेतात, दाराच्या लाकडाला वाळवी लागू नये म्हणूनही लावतात, पण देऊ नका. वापरलेलं ऑइल 2016 च्या नियमांप्रमाणे घातक कचऱ्यात येतं, हाताला लागून आणि जमिनीत मुरून नुकसानच करतं. फिल्टर तोंड खाली करून रात्रभर भांड्यात निथळत ठेवा, ऑइल जुन्या कॅनमध्ये भरा आणि दोन्ही मोठ्या सर्व्हिस सेंटरला नेऊन द्या, त्यांच्याकडून रिसायकलवाले उचलतात. आधी फोन करून घेतात का विचारा, सगळेच घेत नाहीत.